आर्वीच्या पुढचा पूल

माझ्या नवऱ्यालाही हे माहीत नाही. आणि त्याची तर अशी पक्की समजूत आहे की माझ्या पोटात काही राहत नाही. राहिलंय की. तीन-चार वर्षं झाली, राहिलंय. बहिणीला सांगावं असं एक-दोनदा मनात आलं, फोनही लावला, आणि मग आम्ही पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत बसलो.

तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझ्या बाबांना ओळखत नाही म्हणून असेल. किंवा — नाही, तसंही नाही. मला खरंच नीट कळत नाही. या सगळ्या प्रकरणात मला नीट कळलंय असं फार थोडं आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझी मुलगी रेवा बारावी झाली तो पावसाळा. तिला फिजिओथेरपीला जायचं होतं आणि तिच्या मार्कांना वर्ध्याकडच्या कॉलेजांत जागा मिळण्यासारखी होती. आम्ही नाशिकला राहतो. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून मी गाडी घेऊन जायचं ठरवलं. रेवाने लगेच त्याची रोड ट्रिप करून टाकली — लॉज नको, तंबूत राहू, धरण बघू, जंगल बघू. आणि हे सगळं चाललेलं असताना बाबा सोफ्यावरून म्हणाले, "मी पण येतो. माझंच गाव आहे तिकडे."

बाबांचं गाव आर्वीच्या पुढे, आष्टीच्या अलीकडे. पाटबंधारे खात्यात नोकरी लागली म्हणून ते तरुणपणीच नाशिकला आले. त्यांचा धाकटा भाऊ नामदेवकाका गावातच राहिला, शेती करत. दोघा भावांचं बोलणं मी कॉलेजात असताना थांबलं. आजी गेली तेव्हा भर उन्हाळा होता. बाबा मिळेल त्या गाडीने निघाले, पण ते पोचेपर्यंत गावाने सगळं उरकून टाकलं होतं. उन्हात ठेवणार तरी किती? पण बाबांनी सगळ्यांदेखत काकांना विचारलं, "तुले माझ्यासाठी थांबता आलं नाई?" आणि पाणीही न पिता परत फिरले. त्यानंतर काका लग्नकार्याला बोलावत राहिले, बाबा गेले नाहीत. आई गेली तेव्हा काकांचा फोन आला होता. तो मी घेतला. बाबांपुढे धरला. त्यांनी मान हलवली. मला काकांना सांगावं लागलं — काका, बाबा बोलत नाहीयेत. तेव्हा ते खरं होतं. हे लक्षात असू द्या.

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे होते. माझं त्यांच्याशी वागणं त्या दिवसांत चांगलं नव्हतं. वाईटही नव्हतं — औषधं वेळेवर, जेवण वेळेवर. पण टीव्हीचा आवाज, सारखा चहा, बाथरूममध्ये सांडलेलं पाणी, या सगळ्यावर मी चिडायचे. नवऱ्याला एकदा म्हणालेही होते, गावाकडे थोडे दिवस राहिले असते तर मलाही श्वास घेता आला असता. म्हणजे पुढे जे झालं ते उलटंच झालं, नाही का? तिथेच माझा गोंधळ सुरू होतो.

महामार्ग सोडून सेलूच्या बाजूला उतरलो तेव्हा आभाळ उघडलं होतं. श्रावणाचे दिवस. दोन्हीकडे कपाशी आणि सोयाबीन, मधेच ऊन, मधेच भुरभुर. एका टपरीपाशी बाबांनी काच खाली केली आणि विचारलं, "भाऊ, बोरकडं हाच रस्ता जाते काय?"

रेवा खुदकन हसली. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. घरी बाबा आमच्यासारखंच बोलतात — मला, तुला, का. कार्यालयातलं मराठी. मी जन्मल्यापासून तेच ऐकलंय. आणि इथे हा माणूस काचेबाहेर डोकं काढून कुणा अनोळखी माणसाशी असं बोलत होता की जणू कधी गेलाच नव्हता इथून. मला मजा वाटायला हवी होती. रेवाला वाटली. मला — कसं सांगू — आपल्या घरात कुणीतरी परकं इतकी वर्षं राहत होतं, असं वाटलं.

बोर धरणाच्या अलीकडे एका शेतकऱ्याने आपल्या जमिनीवर तंबू लावून दिले होते. चिखल होऊ नये म्हणून खाली सिमेंटचा ओटा, वर पत्र्याचं छप्पर. समोर हिरव्या टेकड्या. मला वाटलं होतं बाबा कुरकुर करतील, कमरेचं दुखणं काढतील. पण ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि संध्याकाळभर बोलत राहिले. आजीबद्दल, बैलांबद्दल, नदीत पोहताना काका बुडता बुडता वाचला त्याबद्दल. रेवा त्यांच्या पायाशी बसून प्रश्न विचारत होती. मी यातलं काहीच कधी ऐकलं नव्हतं. मी कधी विचारलं होतं का? नसेल. पण त्यांनी तरी कधी सांगितलं होतं का?

उजेड जाता जाता ते एकदम म्हणाले, "नामदेवले फोन लाव."

काकांचा नंबर माझ्याच फोनमध्ये होता. लावून दिला. पलीकडून काकांनी काय म्हटलं ते ऐकू आलं नाही. बाबांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. मग म्हणाले, "मी बोलून राह्यलो रे. दादा." मग हसले. आई होती तेव्हासुद्धा ते असे हसलेले मला आठवत नाहीत. "येतो ना. पोरीचं कालेज पाहून येतो परवा. हो, दोघी बी संगं हायेत."

फोन माझ्या हातात देताना त्यांचे डोळे ओले होते. रेवाने त्यांना मिठी मारली. मी म्हटलं, चला, जेवून घ्या, गार होतंय.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याला कॉलेजं पाहिली. मला ते गाव आवडलं, खरंच. झेरॉक्सची दुकानं, भिंतीवर मेसच्या जाहिराती, ओढणीने तोंड बांधून स्कुटीवर तिघी-तिघी मुली. रेवाला एक कॉलेज फार आवडलं. होस्टेलची खोली बघताना ती कॉट कुठे ठेवायची तेही ठरवून बसली. देवळीच्या रस्त्यावरचं आणखी एक पाहिलं, पण तिचं लक्ष नव्हतं. बाबांनी बाजारातून गोरसपाकचा, तिकडच्या तुपातल्या बिस्किटांचा, मोठा पुडा घेतला. नामदेवला लहानपणी फार आवडायचा म्हणे. तो पुडा त्यांनी मागच्या सीटवर ठेवू दिला नाही, मांडीवरच ठेवला.

आणि तिसऱ्या दिवशी आर्वीच्या रस्त्यावर, माझ्या शेजारी बसलेले असताना, समोर बघत बाबा म्हणाले, "मी राह्यतो तिथं. तुमी दोघी जा. दिवाळीनंतर पाहू."

मी गाडी चालवत होते.

आता सांगा, मला काय वाटायला हवं होतं? हेच तर हवं होतं ना मला? घर मोकळं, श्वास मोकळा. रेवाही होस्टेलला जाणार. पण मला — मला राग आला. कशाचा, ते आजही शोधतेय. रेवाने कॉटची जागा ठरवली, बाबांनी दिवाळी ठरवली. मला कुणी विचारलं नाही म्हणून? मी इतकी वर्षं औषधं दिली आणि हसू मात्र भावासाठी निघालं म्हणून? की मला फक्त दमायला झालं होतं, पाठ दुखत होती आणि पुढचा रस्ता खड्ड्यांचा होता? यातलं प्रत्येक कारण मी घालून पाहिलंय, अंगावर कपडा घालून बघावा तसं. एकही नीट बसत नाही.

आर्वीला चहाला थांबलो. बाबा गाडीतच बसले, दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून. रेवा मागे फोन बघत होती. मी टपरीवर गेले. चहा सांगितला. टपरीवाल्याशी मी चहाशिवाय एक शब्दही बोलले नाही. चहाचे कप घेऊन परत आले आणि म्हटलं, "बाबा, पुढचा पूल खचलाय. रस्ता बंद आहे."

असं काही बोलायचं मी ठरवलं नव्हतं. तोंडातून वाक्य बाहेर पडलं आणि ते ऐकताना मलाच क्षणभर खरं वाटलं. पावसाळा होता, खचलाही असता एखादा पूल.

"कोन म्हने?"

"टपरीवाला."

रेवा मागून म्हणाली, "आई, मॅपवर तर रस्ता सुरू दाखवतोय."

"मॅपला काय कळतं इथलं?" मी खेकसले तिच्यावर.

"दुसरा रस्ता असंल ना," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, फार लांबून आहे, कच्चा आहे, गाडी चिखलात रुतेल. एक खोटं बोलल्यावर पुढची किती सहज येतात हो! बाबांनी चहा संपवला. कप गाडीच्या टपावर ठेवला. त्यांना गाडी चालवता येत नाही, रस्त्यांचं त्यांनी नेहमी माझंच ऐकलंय. "मंग नामदेवले सांग," ते म्हणाले. "वाट पाहत असंल."

मी फोन घेऊन बाजूला गेले. काकांशी बोलले. परत येऊन सांगितलं की काका म्हणतात, धोका घेऊ नका, पुढच्या वेळी या.

त्या फोनचं पुढे सांगते. सांगणार आहे.

परतीच्या वाटेवर बाबांनी पुडा सोडला आणि गोरसपाकचा एकेक तुकडा आम्हाला दिला. "आता कशाले ठेवा," म्हणाले. मी गाडी चालवता चालवता खाल्ला. नाशिक जवळ येईपर्यंत ते पुन्हा "मला, तुला" बोलायला लागले होते.

त्यानंतर बाबांनी माझ्या फोनवरून काकांना कितीदा तरी फोन केला. काका उचलत नव्हते. बाबा म्हणायचे, "राग आला असेल त्याला. आपण पोचलो नाही ना." मी म्हणायचे, रेंज नसेल. हळूहळू त्यांनीही फोन मागणं सोडलं. दिवाळीला जाऊ म्हणाले होते, पण दिवाळीत त्यांना ताप आला. रेवाला वर्ध्याचंच कॉलेज मिळालं. टीव्हीचा आवाज बाबा आपणहून कमी ठेवायला लागले होते. मी खूश असायला हवं होतं.

थंडीत काकांचा मुलगा गौतम याचा फोन आला. काका शेतातून आले, आडवे झाले आणि उठले नाहीत.

आम्ही लगेच निघालो. वाटेत वर्ध्याहून रेवाला घेतलं. आर्वी मागे पडली आणि तो पूल आला. जुना, दगडी, लहानसा. खाली पाण्याची बारीक धार. कठड्यावर शेवाळ वाळून काळं झालेलं. नवं सिमेंट कुठेही नाही. मला तो पूल असा समोर येईल हे निघताना सुचलंच नव्हतं, तुम्ही विश्वास ठेवाल? सगळ्या वाटेत मी फक्त वेळेचा विचार करत होते.

"सुजा, थांबव," बाबा म्हणाले.

मोटारसायकलवर कापसाचं गाठोडं बांधून एक जण येत होता. बाबांनी त्याला हात केला. "भाऊ, हा पूल केव्हा दुरुस्त केला?"

"दुरुस्त? ह्याले काय झालतं?"

"पावसाळ्यात खचलता म्हने."

"नाई बा. मी रोजचाच जातो हितून. पुरातबी पानी नाई येत ह्याच्यावर."

बाबा जरा वेळ पुलाकडे बघत राहिले. "मंग दुसरा असंल," म्हणाले. काच वर केली. "चल."

आरशात रेवा माझ्याकडे बघत होती. मी गिअर टाकला.

घरापुढे माणसं बसली होती. काकांना अजून नेलं नव्हतं. आदल्या दिवसापासून सगळे थांबले होते. गौतमने बाबांना धरून आत नेलं आणि म्हणाला, "बाबा सांगून गेले, मोठे बाबा — माझं काई झालं त दादा येईपर्यंत थांबजा. कितीबी उशीर होवो." बाबा भावाशेजारी खाली बसले. पांढऱ्या कपड्यातली माणसं वंदना म्हणायला लागली, तेव्हा बाबांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

सगळं झाल्यावर काकू बाबांसमोर येऊन बसली. तिच्या बोलण्यात भांडण नव्हतं. खरंच तिला समजून घ्यायचं होतं, एवढंच.

"भाऊजी, तुमी आर्वीपर्यंत आले अन् मागं फिरले. दादाले नाई यायचं आपल्या घरी, असं हे म्हणाले मले. पातोडीची भाजी करून ठेवलती. त्या दिवशी जेवले नाई. मंग फोनच घेत नव्हते, म्हनत, दादा तोंडावर नाई म्हनंल त मले सोसनार नाई. एवढ्या जवळ येऊन असं काऊन केलं, भाऊजी?"

मी दारात उभी होते, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. बाबांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं का? वाटतं पाहिलं. फार थोडं. किंवा माझ्या मागे अंगणात पाहिलं असेल. बोलायला तोंड उघडलं मी. हे शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण बाबाच आधी बोलले.

"हो बाई," ते म्हणाले. "चुकलंच माझं."

काकू रडायला लागली. गौतमने तिच्या पाठीवर हात ठेवला. मी तांब्या खाली ठेवला आणि विहिरीकडे निघून गेले. ती वेळ होती. भरल्या घरात, सगळ्यांसमोर, एका वाक्यात सांगता आलं असतं. मी विहिरीपाशी जाऊन पाय धुतले.

बाबांनी मला कधीच काही विचारलं नाही. घरी आल्यावर नाही, नंतरही नाही. मी रोज वाट बघायचे. चहा देताना, गोळ्या देताना. रेवानेही विचारलं नाही. पण सुट्टीला घरी आली की ती माझ्याशी जरा जपून बोलते, पाहुण्यांशी बोलावं तसं. की तोही माझाच भास?

गेल्या वर्षापासून बाबांना विसरायला होतं. नावं, वार, जेवलो की नाही. आणि मागच्या महिन्यात शेजारचे एक गृहस्थ आले होते, त्यांना बाबा सांगत होते, "माझा भाऊ वाट बघत होता. मी आर्वीपर्यंत गेलो होतो. पण माझंच मन झालं नाही. मीच परत फिरलो." अगदी सावकाश, एकेक शब्द जुळवत सांगत होते. मी स्वयंपाकघरात गॅस बंद करून ऐकत राहिले.

ते मला वाचवत होते? की आता त्यांना खरंच तसं आठवतं? त्या दिवशी काकूसमोर जे उचललं ते उचलून उचलून त्यांचंच होऊन गेलं? मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधते आणि मला सापडत नाही. आता जाऊन खरं सांगितलं तर त्यांना समजेल का, तेही माहीत नाही. आणि हेसुद्धा न सांगण्यासाठी मला मिळालेलं आणखी एक निमित्त आहे, एवढं मात्र समजतं.

तर तो फोन.

काकांनी पहिल्याच रिंगला उचलला. "जयभीम पोरी! कुठपर्यंत आले? मी फाट्यावरच उभा हाये." मागून मोटारसायकलींचा आवाज येत होता. मी त्यांना पुलाचं काही सांगितलं नाही. कसं सांगणार? ते तर पुलापलीकडच्या फाट्यावरच उभे होते. मी म्हटलं, "काका, बाबांना नाही यायचं. इथवर आले, पण आता नको म्हणतात."

काका म्हणाले, "बरं. त्याले जेवू घालजो." आणि फोन ठेवला.

बाबा नको म्हणाले नव्हते. ते गाडीत बसले होते, पुडा मांडीवर घेऊन, आणि दुसरा रस्ता असेल का ते विचारत होते. नको मी म्हणाले.